मन मोजताना (भाग ७) : चित्र एक, गोष्टी अनेक

खांडबाऱ्याच्या एखाद्या पदवीधर मुलाला सैन्यात अधिकारी व्हायचे असेल, तर भुसावळकडे जाणारी गाडी पकडून त्याला भोपाळच्या निवड केंद्रात हजर व्हावे लागू शकते. मुले जिला ‘एसएसबी’ म्हणतात ती हीच परीक्षा. तिथे पडद्यावर ३० सेकंद चित्र दिसते आणि पुढच्या ४ मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची असते. अशी ११ चित्रे, बारावी पाटी कोरी. मग ६० शब्द. प्रत्येकावर सुचेल ते वाक्य लिहायला १५ सेकंद.

गेल्या भागातल्या प्रश्नावल्यांत माणूस स्वतःबद्दल सांगत होता. एसएसबीतल्या चित्रांसारख्या प्रक्षेपण चाचण्यांचा भरवसा वेगळ्या गोष्टीवर आहे: मोघम चित्र दिले, की माणूस नकळत त्यात आपले मन ओततो. स्विस डॉक्टर हर्मन रोर्शाकने १९२१ मध्ये शाईचे १० डाग छापले. १९३५ मध्ये हार्वर्डच्या क्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी चित्रांवरून गोष्ट सांगायची चाचणी मांडली.

मरेच्या संचातले पहिलेच चित्र घ्या. एक मुलगा समोरच्या व्हायोलिनकडे बघत बसला आहे. ढोल आणि पावा ऐकत वाढलेल्या आमच्या मुलाने त्यावर दोनच ओळी लिहिल्या, तर कमी काय पडले, महत्त्वाकांक्षा की व्हायोलिनची ओळख? हे ओळखूनच उमा चौधरी यांनी या चाचणीचे भारतीय रूप तयार केले. कपडे-चेहरे बदलले, भाषेचे काय? घरी मावची बोली, शाळेत मराठी, आणि एसएसबीत घड्याळ लावून इंग्रजी किंवा हिंदी! यात अडखळणाऱ्या मुलाला मनाने दुबळा ठरवणे मला पटत नाही.

विश्वसनीयतेचे आणि वैधतेचे प्रश्न साधे आहेत. दोन तपासनीस एकाच गोष्टीतून एकच निष्कर्ष काढतात का? त्या निष्कर्षाचा माणसाच्या पुढच्या वागण्याशी मेळ बसतो का? लिलिएनफेल्ड, वुड आणि गार्ब यांनी २००० साली उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा बहुतेक गुणांकनांना पुरेसा आधार सापडला नाही. रोर्शाकच्या प्रचलित निकषांनी तर धडधाकट माणसांतही विकार दिसू लागले होते. सगळेच मात्र टाकाऊ ठरले नाही. विचारांतली गंभीर विस्कळितता ओळखायला ते डाग बऱ्यापैकी उपयोगी पडतात.

एसएसबीची जमेची बाजू अशी, की तिथे एकट्या मानसशास्त्रज्ञाच्या मतावर निवड होत नाही. मुलाखत घेणारा अधिकारी आणि मैदानावर गटाची कामे पाहणारा अधिकारी यांची मतेही अखेरच्या बैठकीत समोर ठेवली जातात. उलट, क्लासमध्ये पाठ करून घेतलेल्या शूर नायकाच्या गोष्टींनी चाचणीत उरलेसुरले तथ्यही जाते. त्यांवर पैसे घालवू नका.

आणि एका चित्रावरून कुणी तुमच्या मुलाचा स्वभाव सांगू लागला, तर गुण कसे दिले आणि दुसरा पुरावा कोणता, हे दोन प्रश्न जरूर विचारा.

(पुढील भागात : बुद्ध्यांक)