बोअरचे पाणी, शिकेकाई आणि सौम्य न्हाणे

रविवारची सकाळ. पाणी तापलेले आहे, लेक केस मोकळे सोडून न्हाणीत बसली आहे आणि आई तिच्या डोक्याला दुसऱ्यांदा साबण चोळते आहे. फेस काही होत नाही. आणखी दोन तांबे पाणी ओतले तरी केस चिकटच लागतात. वाळल्यावर त्यांवर राखाडी थर दिसतो, आणि विंचरायला बसले की गुंता व रडारड. धाराशिव जिल्ह्यात बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या अनेक घरांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

त्यावर उपाय म्हणून शिकेकाई-रिठ्याचा घरगुती शॅम्पू पुन्हा अनेक घरांत येऊ लागला आहे. उपाय चांगला आहे, स्वस्त आहे आणि त्यामागे शास्त्रही आहे. मात्र ‘नैसर्गिक म्हणजे सौम्यच’ हे गृहीत धरले की गडबड होते. रिठा नैसर्गिक आहे, पण त्याचे पाणी डोळ्यात गेले तर आग होतेच, शिवाय बुबुळाच्या पृष्ठभागाला इजाही होऊ शकते. घरचा शॅम्पू सौम्य ठरतो तो त्यात काय, किती आणि कसे घातले यावर.

दोष साबणाचा की पाण्याचा?

जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकाच्या भेगांतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात, घराघरांत त्याला ‘जड पाणी’ म्हणतात. पिण्याच्या पाण्यात असा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असे भारतीय मानक सांगते.

साबणातील स्निग्धाम्ले या क्षारांशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. फेसाऐवजी हा साका केसांवर बसतो. आपल्या घरचे पाणी जड आहे का, हे पाहणे सोपे आहे. स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्यावे, त्यात साध्या साबणाचे थोडे पाणी घालून जोरात हलवावे. फेस टिकला तर पाणी हलके. फेस न होता पाणी दुधासारखे गढूळ झाले तर जड. बंबाच्या आत किंवा हीटरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थरही तेच सांगतो.

दुसरा मुद्दा सामूचा. माती परीक्षणाच्या अहवालात शेतकरी जो सामू पाहतात, तोच इथेही महत्त्वाचा आहे. निरोगी टाळूचा सामू साधारण ५.५ असतो, म्हणजे किंचित आम्लधर्मी. केसाचा त्याहूनही कमी, सुमारे ३.७. अंगाच्या साबणाचा सामू मात्र ९ ते १० असतो. अल्कधर्मी पाण्यात केसांवरची खवल्यांसारखी आवरणे उचलली जातात, केस एकमेकांत अडकतात आणि तुटतात. विकतचे सगळे शॅम्पू या कसोटीला उतरतात असेही नाही. ब्राझीलमधील संशोधकांनी १२३ शॅम्पू तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील दहापैकी जेमतेम चारच शॅम्पूंचा सामू ५.५ किंवा त्याहून कमी निघाला.

शिकेकाई काय करते?

शिकेकाई ही काटेरी वेल आहे. ती सह्याद्रीच्या आणि दक्षिणेकडच्या ओलसर जंगलांत वाढते. आपल्याकडे तिच्या वाळलेल्या शेंगा किराणा दुकानातून किंवा आठवडी बाजारातून येतात. या शेंगांत आणि रिठ्याच्या सालीत ‘सॅपोनिन’ नावाची द्रव्ये असतात. सॅपोनिनच्या रेणूचा एक भाग तेलाला धरतो, दुसरा पाण्याला. त्यामुळे केसांवरचे तेल आणि मळ सुटून पाण्याबरोबर निघून जातो. काम साबणाचेच, पण जड पाण्यातल्या क्षारांशी मिळून साबणासारखा साका होत नाही. शिवाय शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. बोअरच्या पाण्यावर आजीची शिकेकाई साबणापेक्षा सरस ठरत होती, ती या दोन कारणांनी.

रिठ्यात सॅपोनिन भरपूर असते, म्हणून फेस जास्त आणि तेल काढण्याची ताकदही जास्त. नुसत्या रिठ्याने वरचेवर केस धुतले तर ते झाडूसारखे कोरडे होतात. म्हणून शिकेकाई जास्त, रिठा कमी, हे प्रमाण पाळावे.

एका न्हाण्यापुरते

मध्यम लांबीच्या केसांसाठी ५-६ शिकेकाईच्या शेंगा, २ रिठे (बिया काढून), एक मोठा चमचा आवळकाठी आणि एक लहान चमचा मेथीदाणे घ्यावेत. केस फार कोरडे असतील तर रिठा एकच घ्यावा. हे सगळे दोन मोठे ग्लास, म्हणजे साधारण अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावे.

सकाळी स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर १०-१५ मिनिटे उकळावे. लोखंडी कढई वापरली तर आवळ्यामुळे पाणी काळे पडते, म्हणून ती टाळावी. गार झाल्यावर हाताने कुस्करून सुती फडक्यातून दोनदा गाळावे. गाळणे हीच यातली महत्त्वाची पायरी आहे. कोरडी पूड थेट डोक्यावर थापली तर तिचे कण टाळूला खरवडतात, केसांत अडकतात आणि ते काढायला दुप्पट पाणी लागते. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ही चैन परवडत नाही. शिवाय रिठ्याची पूड नाकात गेली की शिंकांचा मारा सुरू होतो. दम्याच्या रुग्णांनी तर पूड करण्याच्या फंदात पडूच नये.

गाळलेले पाणी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावे. खाज किंवा लाली आली नाही तरच डोक्याला लावावे. केस ओले करून, मान मागे कलवून हे पाणी टाळूवर ओतावे आणि बोटांच्या पेरांनी हलके चोळावे. नखे लावू नयेत. फेस कमी होईल, त्याची काळजी नको. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त, असे नसते.

शेवटच्या पाण्यासाठी शक्य असेल तर उकळून, निवळून घेतलेले वरचे पाणी वापरावे. उकळल्याने जडपणाचा काही भाग खाली बसतो. पावसाळ्यात पत्र्यावरून पहिल्या एक-दोन सरी वाहून गेल्यावर धरलेले पाणी त्याहून हलके. तेही नसेल तर एक लिटर पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळून ते शेवटी केसांवरून ओतावे. लिंबू थेट टाळूवर चोळून उन्हात बसू नये. रसामुळे कातडीवर उन्हाचे काळे डाग पडू शकतात.

गुंता होणाऱ्या केसांसाठी आपल्याच शिवारातले जवस कामाला येते. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळले की बुळबुळीत गर सुटतो. तो गरम असतानाच गाळून घ्यावा, गार झाल्यावर धुतलेल्या केसांच्या टोकांना लावावा आणि थोड्या वेळाने धुवून टाकावा. न्हाण्याआधी तेल लावण्याच्या जुन्या सवयीलाही आधार आहे. मुंबईतील मॅरिको या कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी झाली. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसा परिणाम दिसला नाही. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे ध्यानात ठेवूनही निष्कर्ष उपयोगाचा आहे. मात्र तेल थोडेच लावावे. थबथबलेले तेल काढायला पुन्हा रिठाच वाढवावा लागतो.

हे टाळावे

घरगुती शॅम्पू बाटलीत भरून आठवडाभर ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. विकतच्या शॅम्पूत टिकवणारी द्रव्ये असतात, घरच्यात नसतात. वनस्पतींचा काढा म्हणजे जिवाणूंसाठी आयते अन्न. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या भागात तो त्याच दिवशी वापरावा. फ्रिजमध्ये ठेवलाच तर दोन दिवसांत संपवावा. वास बदलला, बुरशी किंवा तार दिसली की फेकून द्यावा.

खाण्याचा सोडा केसांना लावू नये. तो अल्कधर्मी असतो. धुण्याचा सोडा आणि कपड्यांची पावडर तर त्याहून कितीतरी तीव्र. फेस येतो म्हणून ती डोक्याला लावणारी घरे आजही आहेत. त्या फेसाची किंमत केस आणि टाळू मोजतात.

तान्ह्या बाळांना रिठा-शिकेकाई नको. त्यांना कोमट पाणी आणि लागलाच तर बाळांसाठीचा शॅम्पू पुरे. मोठ्यांच्याही डोळ्यात हे पाणी गेले तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याच्या धारेने १५ मिनिटे धुवावा. त्यानंतरही दुखणे, लाली, अंधुक दिसणे किंवा उजेड सहन न होणे राहिले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. घरात पडून असलेले जुने थेंब घालू नयेत.

रिठ्याचे उरलेले पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नये. सॅपोनिन माशांना घातक असते.

गुंत्याची जट होते तेव्हा

तुळजापूर आणि येरमाळा ही देवीची ठाणी असलेल्या या जिल्ह्यात केसांच्या गुंत्याला आणखी एक पदर आहे. डोके बरेच दिवस धुतले नाही, विंचरले नाही, किंवा जोरजोरात चोळून धुतलेले केस तसेच बांधून ठेवले, तर तेल, मळ आणि उवा यांनी केस एकमेकांत घट्ट विणले जातात आणि जट तयार होते. ती देवीची खूण मानून वर्षानुवर्षे सांभाळली जाते. वजनाने मान दुखते, आत उवा वाढतात, टाळूला जखमा होतात आणि बाई निमूट सोसत राहते. जट होण्यात केसांच्या रचनेपलीकडे काही कारण नसते, आणि ती कापल्याने कोणतेही संकट येत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते राज्यभर अनेक बायकांची जट समजूत घालून काढत आले आहेत. श्रद्धा मनात राहू शकते, डोके मात्र स्वच्छ हवे. मुलींच्या केसांतला पहिला गुंता न्हाण्याच्या दिवशीच, टोकाकडून मुळाकडे येत, रुंद दातांच्या फणीने सोडवला तर पुढचे बरेच टळते.

शॅम्पूच्या हाताबाहेरचे

शॅम्पू घरचा असो वा विकतचा, तो केस धुतो. आजार बरा करणे हे त्याचे काम नाही. उवांवर शिकेकाईने भागत नाही. त्यासाठी परमेथ्रिनसारखे औषध आणि बारीक फणी लागते, आणि घरातल्या सर्वांची डोकी एकाच वेळी तपासावी लागतात. कोंडा वाढून टाळू लाल झाली, खवले निघू लागले तर बुरशीविरोधी औषधी शॅम्पू लागतो. लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटलेला गोल चट्टा दिसला तर तो गजकर्ण असू शकतो. त्याला काही आठवडे पोटातून गोळ्या द्याव्या लागतात. नुसती मलमे किंवा घरगुती लेप लावत बसले तर तो पसरतो, आणि कधी त्या जागी केस कायमचे जातात.

केस गळतात म्हणून शॅम्पू बदलत राहणाऱ्या बायकांची गोष्ट वेगळीच. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. बाळंतपण, डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात आणि बहुधा पुन्हा येतात. पण गळती थांबत नसेल आणि सोबत थकवा, धाप, फिकेपणा असेल तर तपासायचे ते हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांत रक्तक्षय आढळला. रक्ताची ही साधी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते आणि लोहाच्या गोळ्याही तिथे मिळतात. ज्या घरात लेकीसाठी रात्री शिकेकाई भिजत घातली जाते, त्याच घरातल्या आईने स्वतःचे रक्त कधी तपासले होते, हेही त्याच रात्री आठवून पाहावे.