खुर्सीपार ते सेक्टर नऊ

भिलाईत कुणी भाजलं, कोसळलं, की खुर्सीपारच्या वस्तीत एकच सूर निघतो: ‘सेक्टर नऊला न्या.’ म्हणजे पोलाद कारखान्याच्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात. कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. या रुग्णालयाचा जळीत विभाग पुढे मध्य भारतात नावाजला गेला. उपचारांची जाण होती. कमी पडायची ती वेळ.

२०११ मध्ये छत्तीसगडात १०८ क्रमांकाची संजीवनी एक्स्प्रेस ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, महाराष्ट्राच्या तीन वर्षं आधी. वाटेतच ऑक्सिजन आणि सलाईन मिळू लागणं, हा या काळातला सर्वांत मोठा बदल मी मानतो.

१२ जून २०१४ ला कारखान्याच्या पंपहाउसमध्ये पाण्याचा दाब पडला आणि नळातून उलटा वायू आला. सहा जण गेले, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. बोटाला लावलेलं साधं ऑक्सिमीटर अशा रुग्णात ९८ दाखवतं आणि माणूस आतून गुदमरत असतो. आकड्यावर विसंबलेला डॉक्टर इथे फसतो. रक्ताची तपासणी हवी, पण तिची वाट न बघता मास्कने शुद्ध ऑक्सिजन सुरू करायला हवा. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर सुमारे दीड.

९ ऑक्टोबर २०१८ ला कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीत देखभालीच्या वेळी भडका उडाला. त्या दिवशी नऊ जण गेले, जखमींना सेक्टर नऊला नेलं आणि पुढे मृतांचा आकडा वाढला. साठ किलोचा माणूस निम्मा भाजला, तर रूढ हिशेबाने चोवीस तासांत बारा लिटर सलाईन लागतं, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे, दवाखान्याच्या दारापासून नव्हे. गेटवर, कागदांत, फोनाफोनीत गेलेला प्रत्येक तास यातूनच वजा होतो.

दार उघडं ठेवण्याचा आदेश तसा जुना आहे. तातडीच्या रुग्णाला आधी उपचार, मग पोलिसी सोपस्कार, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावलं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने जखमीला आणणाऱ्यालाही संरक्षण मिळालं. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोकडविरहित उपचार मिळण्याची योजना आहे. जी. ई. रोडवर धडक बसलेल्याला तिचा आधार आहे. भट्टीपाशी भाजलेल्या ठेका मजुराला ती लागू नाही. त्याच्यासाठीही अशीच तरतूद हवी, आणि ती आता हवी.