निमखाऱ्या पाण्याचे लघु मत्स्यालय : उभारणी, क्षारतेचे नियमन आणि माशांची निवड

सारांश :
गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाचा छंद सर्वत्र रुजलेला आहे. त्या मानाने निमखाऱ्या पाण्याचे मत्स्यालय दुर्लक्षित राहिले आहे. खाडीमुखातील अनेक मासे दुकानांतून गोड्या पाण्यातील मासे म्हणून विकले जातात आणि काही महिन्यांत दगावतात. प्रस्तुत लेखात सुमारे ६० लिटर पाण्याच्या लहान मत्स्यालयाची उभारणी, त्यातील क्षारतेचे मोजमाप व नवशिक्यास योग्य अशा माशांची निवड यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : निमखारे पाणी, क्षारता, परासरण, नायट्रोजन चक्र, नारिंगी क्रोमाइड.

प्रस्तावना :
नदी समुद्रास मिळते त्या ठिकाणी गोडे व खारे पाणी एकमेकांत मिसळून निमखारे पाणी तयार होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. निमखाऱ्या पाण्यात हे प्रमाण साधारणपणे अर्ध्या ग्रॅमपासून ३० ग्रॅमपर्यंत आढळते. कोकण व गोव्यातील खाड्या, केरळची कायले आणि ओडिशातील चिल्का सरोवर ही या परिसंस्थेची परिचित उदाहरणे होत. पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे खाडीचे पाणी जवळजवळ गोडे होते, तर उन्हाळ्यात ते समुद्राइतके खारे होऊ शकते.

खाडीतील मासा हा बदल सहन करतो, म्हणून मत्स्यालयात क्षारता कमीअधिक झाली तरी चालते, असा समज नवशिक्यांमध्ये आढळतो. हा समज चुकीचा आहे. खाडीतील माशास प्रतिकूल पाणी सोडून दुसरीकडे जाता येते. काचेच्या टाकीत तशी वाट नसते. त्यामुळे क्षारता मोजणे व ती स्थिर राखणे हाच या मत्स्यालयाचा पाया ठरतो.

उद्दिष्टे :
१) माशाचे शरीर व पाण्याची क्षारता यांचा संबंध स्पष्ट करणे.
२) लघु मत्स्यालयाच्या उभारणीचे टप्पे सांगणे.
३) नवशिक्यास योग्य व अयोग्य माशांचा विचार करणे.

क्षारता आणि माशाचे शरीर :
अस्थिमत्स्यांच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या साधारणपणे एक तृतीयांश असते. गोड्या पाण्यात परासरणामुळे बाहेरचे पाणी सतत शरीरात शिरते. मासा ते पातळ मूत्रावाटे बाहेर टाकतो आणि गमावलेले क्षार कल्ल्यांवाटे पुन्हा मिळवतो. समुद्रात याच्या उलट घडते. शरीरातील पाणी बाहेर जाते, मासा समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. खाडीतील माशांना या दोन्ही क्रिया साधतात. तथापि एका क्रियेवरून दुसरीवर येण्यास वेळ लागतो आणि त्यात शक्ती खर्ची पडते. निमखाऱ्या पाण्याचा मासा कायम गोड्या पाण्यात ठेवल्यास त्याची प्रतिकारशक्ती क्षीण होते व बुरशीसारखे रोग बळावतात. अशा वेळी पालक औषधे बदलत राहतो, परंतु मूळ कारण पाण्यातच असते.

टाकीची उभारणी :
दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच अशी टाकी घ्यावी. तिची क्षमता सुमारे ७० लिटर असली तरी वाळू व दगड टाकल्यावर प्रत्यक्षात ५५ ते ६० लिटर पाणी राहते. याहून लहान टाकीत क्षारता व तापमान झपाट्याने बदलतात. तळाशी प्रवाळाची वाळू अथवा शिंपल्यांचा चुरा घालावा. त्यातील कॅल्शियम कार्बोनेटमुळे पाणी किंचित अल्कधर्मी राहण्यास मदत होते. सामू ७.८ ते ८.४ व तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे. घाटमाथ्यावर हिवाळ्यात हीटर आवश्यक ठरतो. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर या आकारास पुरेसा होतो.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन प्रथम काढून टाकावे. स्वयंपाकाचे मीठ वापरू नये. त्यात प्रामुख्याने सोडियम क्लोराइड असते. कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट हे सामू आणि कठीणपणा टिकवणारे घटक त्यातून मिळत नाहीत. सागरी मत्स्यालयांसाठी विकले जाणारे मीठमिश्रणच वापरावे. शहरालगतच्या खाडीचे पाणी आणून ओतणेही धोक्याचे आहे, कारण त्याबरोबर सांडपाण्याचे अंश व रोगजंतू येतात.

क्षारता चमच्याने ठरवू नये. हायड्रोमीटरने पाण्याचे विशिष्ट गुरुत्व मोजावे. शुद्ध पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.००० व समुद्राच्या पाण्याचे सुमारे १.०२६ असते. नवशिक्याने अंतिमतः १.००५ हे वाचन साधावे. त्यासाठी लिटरमागे सुमारे ७ ते ८ ग्रॅम मिश्रण लागते. दुकानातील मासे बहुधा गोड्या पाण्यात ठेवलेले असतात, म्हणून आरंभ लिटरमागे ३ ग्रॅम, म्हणजे सुमारे १.००२ या वाचनाने करावा. मीठ बादलीत पूर्ण विरघळवून मगच टाकीत घालावे.

नायट्रोजन चक्र :
माशांच्या उत्सर्जनातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये व दुसरा गट नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. हे जीवाणू फिल्टरमध्ये स्थिरावण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. या काळात मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकावे आणि चाचणी संचाने पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यानंतरच मासे आणावेत.

निमखाऱ्या पाण्यात या संयमास विशेष महत्त्व आहे. सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी अंश जवळपास दहापट होतो. गोड्या पाण्यात निभावून जाणारी घाई येथे माशांच्या जिवावर बेतते.

माशांची निवड :
आरंभी मॉली हा मासा उत्तम होय. तो सर्वत्र मिळतो, पिलांना जन्म देतो आणि सौम्य क्षारता त्यास मानवते. एक नर व तीन माद्या पुरेशा होतात. चार आठवड्यांनंतर नारिंगी क्रोमाइडची जोडी सोडता येते. दक्षिण भारत व श्रीलंकेतील खाजणे व खाड्या हे या माशाचे मूळ स्थान असून त्याची लांबी सुमारे ८ सेंटीमीटर असते. नर व मादी दोघेही अंड्यांची राखण करतात. पिले आईबापांच्या अंगावरील श्लेष्मा खातात. हे वर्तन जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास घरबसल्या पाहता येते. मात्र विणीच्या काळात ही जोडी इतर माशांना हुसकावते, म्हणून आडोशासाठी दगड व लाकडे ठेवावीत. मासे आल्यानंतर पाणी बदलताना दर आठवड्यास वाचन ०.००१ ने वाढवत तीन आठवड्यांत १.००५ वर आणावे.

काही मासे मात्र टाळावेत. स्कॅट व मोनो दुकानात रुपयाएवढे दिसतात, परंतु पूर्ण वाढीचा स्कॅट फूटभरही होऊ शकतो. हिरवा ठिपकेदार पफर १५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो व सोबत्यांचे पर कुरतडतो. केरळचा राज्यमासा असलेला करिमीन, म्हणजेच गोव्यातील कालुंदर, या टाकीत मावत नाही. कोकणातील निवटीस चिखल व कोरडी जागा लागते. तिच्यासाठी वेगळी रचना हवी.

नित्य निगा :
बाष्पीभवनात केवळ पाणी उडून जाते, क्षार टाकीतच राहतात. पातळी घटल्यास त्यात मिठाचे पाणी ओतण्याची चूक सर्रास होते आणि क्षारता नकळत वाढत जाते. घटलेली पातळी गोड्या पाण्यानेच भरावी. पंधरवड्यातून एकदा सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलावे, तेव्हा मात्र नवे पाणी टाकीतील पाण्याइतक्याच क्षारतेचे असावे. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने जीवाणू मरतात.

नको झालेले मासे नदीत वा खाडीत सोडू नयेत. गोड्या व खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत जगणारा परदेशी मासा दोन्हीकडे पसरू शकतो. १९५२ मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया असाच जलाशयांत व खाड्यांत फोफावला. मॉलीदेखील मूळ अमेरिका खंडातील आहे, याचे भान ठेवावे.

निष्कर्ष :
निमखाऱ्या पाण्याचे लघु मत्स्यालय नवशिक्याच्या आवाक्यात आहे. त्यासाठी महागड्या साधनांपेक्षा मोजमापाची शिस्त अधिक आवश्यक आहे. सागरी मीठमिश्रण, हायड्रोमीटर, चाचणी संच आणि चार ते सहा आठवड्यांची प्रतीक्षा या चार गोष्टी पाळल्यास माशांची बरीचशी हानी टळते. मासा विकत घेण्यापूर्वी तो कोणत्या पाण्यातील आहे व पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो, हे दोन प्रश्न विचारणे ही पालकाची पहिली जबाबदारी होय. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतून अशी टाकी ठेवल्यास परासरण व नायट्रोजन चक्र या पाठ्यपुस्तकी संकल्पना विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अभ्यासता येतील आणि खाडीच्या परिसंस्थेविषयी आस्थाही वाढीस लागेल.