अडुळशाचा घरगुती पाक

आश्विनात सोयाबीनची मळणी सुरू झाली की नांदेड-लातूरकडच्या गावांत भुसा उडू लागतो आणि पाठोपाठ दिवाळीनंतरची थंडी येते. घरात एकाला पडसं झालं की चौघे खोकतात. अशा दिवसांसाठी युरोपातल्या घरांतून एल्डरबेरी नावाच्या बारीक काळ्या फळांचा पाक करून ठेवतात. आपल्याकडे त्याची जागा घेईल असा अडुळसा परसात, विहिरीच्या काठी, कुंपणाला उभा असतो. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला बरा, एवढीच पुष्कळांना त्याची ओळख!

मी भाषा शिकवणारा माणूस, वैद्य नव्हे. तेव्हा आधी नावाकडे वळतो. संस्कृतातल्या ‘आटरूषक’ या शब्दाचा झिजून झिजून आपला ‘अडुळसा’ झाला. त्याचं दुसरं नाव वासा, आणि तिसरं मोठं गमतीचं, सिंहास्य. त्याचं पांढरं फूल जवळून पाहा. दोन ओठ फाकलेले, आत जांभळट रेघा. जांभई देणारा सिंहच जणू! हे नाव ओळख पटवायलाही उपयोगी पडतं, कारण काळा अडुळसा म्हणून शोभेच्या कुंपणाला लावतात ते झाड वेगळं. ते या कामाला घ्यायचं नाही. शंका असेल तर जाणत्या वैद्याला पान-फूल दाखवावं. नांदेडला तर शासकीय आयुर्वेद महाविद्यालयच आहे.

अडुळशाच्या पानांतून ‘वासिसिन’ नावाचं द्रव्य १८८८ साली प्रथम वेगळं करण्यात आलं. त्याने श्वासनलिका सैल होतात. त्याच द्रव्याच्या धर्तीवर पुढे जर्मनीत ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं आणि १९६३ च्या सुमारास बाजारात आलं. कफ पातळ करणाऱ्या कितीतरी बाटल्यांवर आज ते नाव छापलेलं दिसेल. म्हणजे आजीचा काढा आणि दुकानातली बाटली यांचं दूरचं नातं आहे. मात्र एक लक्षात घ्या. पडसं विषाणूंमुळे होतं आणि आठ-दहा दिवसांत आपल्या आपण उतरतं. अडुळसा पडसं घालवत नाही. छातीत चिकटलेला कफ सुटायला मदत करतो, इतकंच त्याचं काम.

आता कृती. पानं हिरवी, पूर्ण वाढलेली आणि निरोगी घ्यावीत. पिवळी किंवा कीड लागलेली नकोत. शंभर ग्रॅम पानं चांगली धुऊन, चिरून स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाण्यात घालावीत. आल्याचा बोटभर तुकडा ठेचून आणि चार-पाच मिरी घातल्या तर चव सुधारते, तुळस असली तर तीही. मंद आचेवर, झाकण न ठेवता, पाणी पाव लिटर उरेपर्यंत आटवावं. गार झाल्यावर फडक्यातून घट्ट पिळून गाळावं. हा झाला काढा. तो कडू जहर, आणि दुसऱ्या दिवशीच बिघडायला लागतो.

टिकवायचा असेल तर साखर हवी, आणि तीही मोजून. काढ्याच्या वजनाच्या दुप्पट साखर, म्हणजे पाव किलो काढ्याला अर्धा किलो, घालून ती विरघळेपर्यंतच तापवावं. इतकी साखर कशाला, असं गृहिणी हटकून विचारतात. साखर दोन-तृतीयांश झाली की ती पाणी असं धरून ठेवते की बुरशीला आणि जंतूंना वाढायला ते मिळतच नाही. हात आखडून साखर निम्मी घातलीत तर पाक आंबतो. आपल्याकडे गुळाचा सोस मोठा. पण गुळात ओल असते, म्हणून गुळाचा पाक थोडाच करून लवकर संपवावा. बाटली उकळून, कोरडी करून घ्यावी, ओला चमचा घालू नये. महिन्याभरात संपेल एवढाच पाक करावा. फेस आला किंवा आंबूस वास आला तर सरळ ओतून द्यावा. मोठ्या माणसाने दोन लहान चमचे, दिवसातून दोन-तीनदा, कोमट पाण्यातून घ्यावा. मधुमेह्याने पाकाच्या वाटेला जाऊ नये.

२०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या विषारी औषधाने लहान मुलं दगावली. ती बातमी वाचून एखादी आई ‘घरचं तेच बरं’ म्हणाली तर तिला दोष कसा द्यावा? पण घरचं म्हणजे निर्धोक, असंही नाही. वासिसिनने गर्भाशयही आकुंचन पावतं. म्हणून गरोदर बाईला अडुळसा मुळीच देऊ नये. सुनेला दिवस गेले असतील तर सासूबाईंनी हे नीट ध्यानात ठेवावं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा पाक नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नये. मधातल्या एका जंतूच्या विषाने त्या वयात जिवावर बेततं. वर्षाच्या पुढच्या मुलाला नुसता मध चालतो, आणि त्याने घशाला आराम पडतो.

राहिली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या ग्रंथांत अडुळसा क्षयावर आणि रक्त पडण्यावर सांगितला आहे. त्याच भरवशावर माणसं महिनोन्महिने काढा घेत बसतात. खोकला थोडा सैल होतो, बरं वाटतं, आणि आत क्षय वाढत राहतो. घरातल्या पोराबाळांनाही तो लागतो. म्हणून खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, वजन उतरू लागलं, संध्याकाळी कणकण येऊ लागली की पाकाची बाटली बाजूला ठेवावी आणि जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. थुंकीत रक्त दिसलं तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी निघावं. तपासणीला आणि औषधाला तिथे पैसे पडत नाहीत. क्षय निघाला तर उपचार बहुधा सहा महिने चालतो. बरं वाटलं म्हणून तो मध्येच सोडायचा नसतो.