नवा ब्रेक आणि चाकाचे बेअरिंग

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगावचा परिसर धानाचा. पावसाळ्यात बांध्यांच्या वाटेने आलेल्या जीपची चाके तुंब्यापर्यंत चिखलाने माखलेली असतात. अशा गाडीला जुन्या ड्रम ब्रेकऐवजी डिस्क ब्रेक बसवायचे ठरले, की सगळे लक्ष ब्रेककडे जाते. परंतु ब्रेकची तबकडी ज्या तुंब्यावर बसते, त्यातील बेअरिंग कोणते निवडावे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

बैलगाडीचा तुंबा आसावर घासत फिरतो, म्हणून त्याला वारंवार वंगण लागते. बेअरिंगमध्ये घासण्याची जागा लोळणे घेते. दोन कड्यांच्या मध्ये पोलादी गोळ्या असल्या, तर ते बॉल बेअरिंग; निमुळते रूळ असले, तर टेपर रोलर बेअरिंग. घोडागाड्या बनविणारे अमेरिकेतील हेन्री टिमकेन यांना १८९८ साली अशा निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट मिळाले. गाडी वळताना चाकावर वजनाबरोबर बाजूचा रेटाही येतो. निमुळते रूळ हे दोन्ही भार पेलतात.

विद्यार्थिमित्रांनो, एक सोपा प्रयोग करा. ओल्या मातीवर एक काचेची गोटी आणि एक आडवी गोल पेन्सिल ठेवून दोन्हींवर सारखेच वजन द्या. गोटी अधिक खोल रुतेल. गोटी एका बिंदूशी टेकते, पेन्सिल एका रेषेवर. त्यामुळे पेन्सिलीखाली भार वाटला जातो.

आता बाजारातील दोन बेअरिंगे घ्या : ६२०६ आणि ३०२०६. दोन्हींचे छिद्र ३० मिलिमीटर आणि बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर. पहिल्यात गोळ्या आहेत, दुसऱ्यात निमुळते रूळ. आणि दुसऱ्याची भार पेलण्याची क्षमता सुमारे दुप्पट आहे. म्हणजे माप जुळले, एवढ्यावरून बेअरिंग योग्य ठरत नाही. शिवाय भार दुप्पट झाला, तर बॉल बेअरिंगचे आयुष्य सुमारे एक अष्टमांश उरते आणि रोलर बेअरिंगचे सुमारे एक दशांश. मोठे, जड टायर बसविणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

ब्रेकचा संबंध येतो तो बेअरिंगच्या ढिलेपणाशी. समजा, तुंब्यातील दोन बेअरिंगांमध्ये ५० मिलिमीटर अंतर आहे आणि ढिलेपणामुळे तुंबा तेवढ्या अंतरात ०.१ मिलिमीटर तिरका होतो. तर १५० मिलिमीटर त्रिज्येच्या तबकडीची कड ०.३ मिलिमीटर डुलेल. ती ब्रेकच्या पट्ट्यांना मागे ढकलील. चाकाकडील दट्ट्याचे क्षेत्रफळ पायाकडील दट्ट्याच्या सहापट असेल, तर ही पोकळी भरून काढण्यास पायाकडील दट्ट्या १.८ मिलिमीटर सरकावा लागेल. पेडलची तरफ पाचपट धरली, तर पाय ९ मिलिमीटर फुकट जाईल. दोन चाकांना मिळून १८! ऐन वेळी पेडल खोल जाते, ते असे. ड्रम ब्रेकमध्ये स्प्रिंगमुळे फट मुळातच ठेवलेली असते आणि ड्रम थोडा डुलला तरी एवढे बिघडत नाही. म्हणून जुन्या ब्रेकला चालून गेलेले सैल बेअरिंग नव्या ब्रेकला चालत नाही.

मग कोणते घ्यावे? समोरासमोर बसविलेली दोन टेपर रोलर बेअरिंगे नटाने जुळवता येतात. चिखलपाणी शिरल्यास उघडून, धुऊन पुन्हा ग्रीस भरता येते. गोळ्यांच्या दोन रांगांचा बंदिस्त हब कारखान्यातच जुळवून येतो, रोजची देखभाल मागत नाही. पण त्याचे सील फाटले, की सबंध हब बदलावा लागतो. वरचेवर चिखलात जाणाऱ्या आणि नीट देखभाल होणाऱ्या गाडीला पहिला प्रकार सोयीचा. मात्र गाडीचा आस ज्यासाठी घडविला आहे, तोच प्रकार बसविला पाहिजे.

गाडी पक्क्या आधारावर उचललेली असताना जाणत्या मिस्त्रीसमोर चाक वर-खाली धरून हलवून पाहा. ते खडखडले, तर ब्रेकवर पैसे खर्चण्याआधी तुंबा उघडावा.