निळ्या खुणा आणि रिकामा बाक

आमच्या पेठ वडगावात कुणाच्या घरी काय चालले आहे हे कळायला पूर्वी फोन लागत नसे. आठवड्याच्या बाजारात एक फेरी मारली की काम भागे. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या मुलीचे जमले, कुणाचा ऊस अजून फडातच उभा आहे, सगळ्या बातम्या भाजीच्या पिशवीबरोबर घरी येत. सेनापती धनाजी जाधवांची समाधी मिरवणारे हे जुने गाव. इथे माणूस चार दिवस दिसला नाही, तर पाचव्या दिवशी कुणीतरी दारात येऊन हाक मारणार हे ठरलेले. ऐन तारुण्यात या सवयीचा मला भारी जाच वाटे. आता साठी उलटल्यावर त्याच सवयीची बाजू मांडायला बसलो आहे.

निमित्त माझ्या एका बालमित्राचे. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी बँकेत चिकटलो, तो मास्तर झाला, आणि आता दोघेही निवृत्त आहोत. तो ख्रिस्ती. जवळच्या एका गावातल्या मंडळीचा तो ‘वडील’ आहे. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक चर्चमध्ये जमणाऱ्या समुदायाला मंडळी म्हणतात, धर्मगुरूंना पाळक म्हणतात आणि कारभार पाहायला निवडलेल्या जाणत्या माणसांना वडील. ही मंडळी चाळीसेक घरांची. गावाचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. देवळे, मशिदी, चर्च, सगळ्यांच्या दारांना कुलपे लागली. ख्रिस्ती लोकांच्या वर्षातले सर्वांत मोठे दिवस नेमके तोंडावर होते. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १० एप्रिलला शुभ शुक्रवार, १२ एप्रिलला पुनरुत्थानाचा सण. एका सकाळी तोंडाला रुमाल बांधून मास्तर अंगणात उभा.

“आरं, तुमच्या बँकेत पहिला कॉम्प्युटर तूच बसवून घेतलास न्हवं? मग आता आमचं चर्च फोनात बसवून दे.”

मी हसलो. मग वही काढली. बँकवाल्याला वही काढल्याशिवाय काही सुचत नाही. घरागणिक तीन रकाने पाडले : फोन कोणता, त्यावर इंटरनेट आहे का, आणि तो फोन दिवसभर कुणाच्या हातात असतो. तिसरा रकाना मी सहज पाडला होता. पुढे तोच सर्वांत महत्त्वाचा ठरणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

पाळकसाहेब कोल्हापुरात अडकले होते. त्यांनी घरच्या भिंतीसमोर बसून पाऊण तासाची उपासना चित्रित करून पाठवली. ती निम्म्या घरांत उघडेचना. मग दहा मिनिटांचा नुसता आवाज पाठवायचे ठरले. तो व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना पोहोचू लागला. पण बटणांचे साधे फोन असलेली नऊ घरे उरलीच. त्यांच्यासाठी जुनीच सोय कामी आली. एकाने फोन लावायचा आणि आणखी चारपाच जणांना त्यात जोडून घ्यायचे. नऊ घरांचे दोन गट झाले. सणाच्या पहाटे मास्तराच्या ओसरीवर अंतर राखून मी तो प्रकार ऐकला. पाच घरांतून पाच जण एकच गीत गात होते. फोनवरून आवाज पोहोचायला किंचित उशीर लागतो, त्यामुळे एकाचे कडवे संपे तेव्हा दुसऱ्याची शेवटची ओळ निघालेली असे. मास्तराच्या मातोश्रींनी फोन स्टीलच्या तांब्यात उभा केला होता. त्याने आवाज मोठा होतो, हा शोध त्यांचा. गाणे पार विसकटले होते, पण डोळे पुसत नव्हते असे त्या ओसरीवर कुणीच नव्हते. माझाही धर्म त्या घटकेला मला आठवला नाही.

त्याच दिवसांत जगभर हेच चालले होते. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस रोमच्या पावसात, एरवी लाखांनी भरणाऱ्या रिकाम्या चौकात एकट्याने प्रार्थना करताना कोट्यवधी लोकांनी पडद्यावर पाहिले. वडगावच्या तांब्यातला फोन आणि रोमचा तो पडदा, दोन्हींची जातकुळी एकच.

हे सगळे नवे आहे असे मात्र कुणी समजू नये. शब्द दूरवर पोहोचवायला ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी प्रत्येक काळातले नवे साधन उचलले आहे आणि त्यात मराठीचा मोठाच फायदा झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते, म्हणून ते ओवीबद्ध मराठी पुराण रोमन लिपीत छापावे लागले. साधनापुढे लिपीला वाकावे लागले. १८४२ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याच्या मराठी विभागाचे संपादन केले, पण नुसत्या छापील शब्दावर त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी भजन आणि कीर्तन हाती घेतले, कारण कीर्तनात समोर माणसे बसलेली असतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि ते केडगावच्या मुक्तिसदनातल्या स्त्रियांनी आपल्या हातांनी छापले. आमच्या कोल्हापुरात रेव्हरंड रॉयल वाइल्डर १८५२ साली आले. रेडिओ निघाला, तेव्हा अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातून २ जानेवारी १९२१ रोजी चर्चमधली उपासना प्रथम प्रक्षेपित झाली. म्हणजे रेडिओ जेमतेम रांगायला लागला, तेव्हाच चर्चने त्याचे बोट धरले होते.

तेव्हा फोनात चर्च बसवणे ही काही पाखंडी गोष्ट नव्हे. प्रश्न निराळाच होता, आणि तो आम्हांला दोन धडे देऊन कळला.

पहिला धडा जून महिन्यातला. मंडळीतल्या एका आईने गटावर लिहिले की, आमच्या मुलीला फिट येतात, तिच्यासाठी प्रार्थना करा. उपासनेच्या दिवशी हेच ती पाळकांच्या कानात सांगत असे, आणि पाळक नाव न घेता प्रार्थना करीत. आता ते चाळीस घरांत लेखी गेले. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. कुणा एका भल्या माणसाने चांगल्याच हेतूने तो मजकूर आपल्या नात्यातल्या गटावर पुढे धाडला. चार दिवसांत तो मुलीच्या होणाऱ्या सासरी पोहोचला. ठरत आलेले लग्न मोडले.

मास्तर समजूत घालायला गेला, तेव्हा ती आई दारातूनच म्हणाली, “मास्तर, मी देवाला सांगितलं होतं. गावाला न्हवं.”

गावाचे नाव मी का सांगत नाही, ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. बँकेत रुजू होताना मी गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली होती. कुणाच्या खात्यात किती, कुणावर कर्ज किती, हे बायकोलाही सांगायचे नाही. प्रार्थनेची विनंती हेही एक खातेच असते, आणि ते आम्ही चव्हाट्यावर मांडून ठेवले होते. माणसाच्या खासगी माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये देशाने कायदा केला. पण मोडलेले लग्न कायद्याने जुळत नाही.

दुसरा धडा अधिक कठीण. मंडळीत साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. दर रविवारी तिसऱ्या बाकावर भिंतीकडची जागा त्यांची. त्यांच्या घरी चांगला फोन होता, म्हणून त्यांचे नाव ‘पोहोचते’ या यादीत होते. मास्तर त्यांना दर रविवारी वेगळा निरोप पाठवी, आणि थोड्या वेळाने त्याखाली दोन निळ्या खुणा उमटत. निरोप वाचला गेला, आजोबा ठीक आहेत, असे म्हणून मास्तर पुढच्या नावाकडे वळे.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात, कोल्हापूर जिल्ह्यात रोगाने कहर मांडला असताना, आजोबा न्हाणीत पडले. खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यात नेले तर नको तो आजार गळ्यात पडेल या भीतीने घरच्यांनी त्यांना खाटेवरच ठेवले. तीन आठवडे. आणि या तिन्ही आठवड्यांत निळ्या खुणा अगदी वेळेवर येत होत्या. फोन होता नातवाच्या हातात. त्याची शाळा त्याच फोनवर भरत होती. आलेला निरोप उघडून तो बाजूला सारी आणि आपल्या वर्गात जाई. पोराचा काय दोष? माझ्या वहीत तिसऱ्या रकान्यात त्या घरापुढे मीच लिहिले होते : ‘नातू’. लिहिले, आणि विसरलो.

अखेर दूधवाल्याकडून बातमी कळली. मास्तर धावत गेला. आजोबांनी तक्रार केली नाही. एवढेच म्हणाले, “निरोप मिळत हुते म्हणं मला. पण मास्तर, तुमी कुठं मिळत हुता?”

ते पुन्हा चालले नाहीत. १६ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यातली प्रार्थनास्थळे उघडली, तेव्हा तिसऱ्या बाकावरची ती जागा रिकामी होती. फेब्रुवारीत ते गेले. मधल्या काळात मास्तर दर रविवारी उपासना संपली की त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसे. हातात फोन नसे.

ही हकिगत ऐकली, तेव्हा मला माझाच एक जुना प्रसंग आठवला आणि शरम वाटली. पेन्शनच्या दिवशी आमच्या शाखेत पायरीपर्यंत रांग लागे. एखादा म्हातारा आला नाही तर आमचा शिपाई विचारी, “साहेब, आज अमुक आबा दिसले न्हाईत?” आणि संध्याकाळी सायकलवरून त्यांच्या घरावरून चक्कर मारी. पुढे एटीएमची कार्डे आली, रांग संपली, मी समाधानाचा सुस्कारा टाकला. एका पेन्शनरांचे पैसे दर महिन्याला बिनचूक काढले जात होते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला आला नाही, तेव्हा चौकशी केली. ते मार्चमध्येच वारले होते. कार्ड चालू होते, माणूस नव्हता. यंत्राने आपले काम चोख केले होते. शिपायाचे काम कुणी करायचे, हे आम्ही ठरवलेच नव्हते.

मला वाटते, चर्चचे काय किंवा बँकेचे काय, दुखणे हेच आहे. निरोप पोहोचला की नाही ते फोन सांगतो. माणूस पोहोचला की नाही, ते सांगायला माणूसच लागतो. उपासनेत जो आला त्याला पाळकांचा संदेश मिळतो. पण जो आला नाही त्याची आठवण बाकाच्या रिकाम्या जागेमुळे होते. पडद्यावर रिकामी जागा दिसत नाही. रोमच्या चर्चनेही २००२ मध्येच एका पत्रकात इंटरनेटचे स्वागत करताना बजावले होते की, पडद्यावरचा अनुभव प्रत्यक्ष संस्कारांची आणि समुदायाची जागा घेऊ शकत नाही. आमच्या पाळकसाहेबांनी ते पत्रक वाचले होते की नाही, मला माहीत नाही. पण टाळेबंदीत काहींनी प्रभुभोजनाचा विधी फोनवर करण्याचा आग्रह धरला, तेव्हा ते म्हणाले होते, “भाकर मोडायची तर हातात हात पोहोचला पाहिजे. थांबू या.” आणि मंडळी थांबली.

फोन मात्र त्यांनी टाकून दिला नाही, आणि ते बरेच झाले. शनिवारी रात्री पाळकांचा दहा मिनिटांचा आवाज आजही जातो. पुण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा मुलगा तो ऐकतो, आखातातली परिचारिका ऐकते. पण आता काही नियम झाले आहेत. गटावर फक्त पाळक आणि वडील लिहितात. दुखणेखुपणे गटावर मांडायचे नाही, पाळकांना फोन करायचा. आणि चर्चच्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात आलेल्यांची नव्हे, न आलेल्यांची नावे लिहितात. दोन रविवार नाव लागले की कुणीतरी त्या घरी जायचे. जाऊन आले की नावापुढे सही. फोन केला असेल तर सही करायची नाही. हा शेवटचा नियम मास्तराचा.

फिट येणाऱ्या त्या मुलीच्या आईचे नाव त्या वहीत बरेच महिने लागत होते. मास्तराची बायको दर वेळी जाऊन येई, सही करी. एका नाताळला त्या मायलेकी आल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या. कुणी काही विचारले नाही.

गेल्या पावसाळ्यात मला थंडीताप भरला. मास्तराचे निरोप येत होते, मी ते पडल्यापडल्या वाचत होतो, उत्तर लिहायचे त्राण नव्हते. तिसऱ्या दिवशी भरपावसात छत्री घेऊन स्वारी दारात हजर. म्हटले, “अरे, एवढ्या पावसात कशाला आलास?”

छत्री कोपऱ्यात टेकवत तो म्हणाला, “निळ्या खुणा दिसल्या, म्हणून आलो.”