वस्तीवरची बिनतारी धोक्याची घंटा



गळीत हंगामात आपली माणसं रात्री-अपरात्री घराबाहेर असतात. कुणी उसाला पाणी धरायला, कुणी ट्रॅक्टरबरोबर वजनकाट्यावर. मागे वस्तीवर राहतात म्हातारी माणसं, बायका नि लेकरं. अशा वेळी चोर आले, बिबट्या गोठ्यापाशी आला किंवा म्हाताऱ्यांच्या छातीत कळ आली, तर हाक कुणाला मारायची? यासाठी हल्ली बिनतारी ‘पॅनिक बटण’ मिळते. त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

यात दोन वस्तू असतात. एक भिंतीवरची मुख्य पेटी आणि दुसरे काडेपेटीएवढे बटण. बटण दाबले की रेडिओलहरींनी पेटीला इशारा जातो. पेटी भोंगा वाजवते आणि तिच्यात मोबाईलचे सिम असेल तर ठरवून दिलेल्या नंबरांना फोनही लावते.

बसवताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. पेटीला बटणाची ओळख करून द्यावी लागते. पेटी नोंदणीवर लावून बटण दाबले की ती ओळख पटल्याची खूण देते.

२. बटणाची नोंद ‘२४ तास’ या प्रकारात करावी. दार-खिडकीची राखण आपण रात्री चालू करतो. बटण मात्र भर दुपारीही चालले पाहिजे.

३. चोर समोर असताना भोंगा न वाजता फोन जावा, की भोंगा वाजून वस्ती जागी व्हावी, हे घरात बसून आधी ठरवावे.

४. दुकानदार सांगतो ते अंतर मोकळ्या माळावरचे असते. पत्रा, लोखंडी दार, जाड दगडी भिंत यांनी ते घटते. म्हणून गोठ्यातून, न्हाणीघरातून, अंथरुणावरून दारे लावून बटण दाबून पाहावे.

५. लाईट जाणारच. पेटीत बॅटरी हवी, आणि मेन स्विच बंद करून तिची परीक्षा घ्यावी. सिमचा रिचार्ज संपू देऊ नये. पेटी टू-जीची नि सिम फक्त फोर-जीचे, अशी गाठ पडली तर फोन लागत नाही.

६. बटणातला चपटा सेल लेकरांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला तर अन्ननलिका आतून भाजते. असे झाल्यास क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठावा.

एवढे करूनही खरा प्रश्न उरतोच : भोंगा वाजल्यावर धावून येणार कोण? पुण्यातल्या मुलाचा नंबर पहिला टाकून काय उपयोग? पहिले दोन नंबर जवळच्या वस्त्यांचे असावेत, मग भाऊबंदांचे. बॅटरी-काठी घेऊन कोण येणार, ११२ ला कोण फोन करणार, हे आधीच बोलून ठेवावे. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांसाठी ११२ हा एकच नंबर आहे. बांधावरून अबोला असला तरी या कामापुरता तो सोडावा.

ज्यांना पेटी परवडत नाही त्यांच्यासाठीही सोय आहे. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाईलमध्ये संकट-बटण असावे, असा केंद्र सरकारचा नियम आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चे बटण दाबून धरायचे असते. घरातल्या म्हातारीला ते आजच दाखवून ठेवा.

आणि दर अमावस्येला, शेजाऱ्यांना आधी सांगून, पेटीचे बटण एकदा दाबून पाहा. भोंगा वाजला पाहिजे, फोन गेला पाहिजे आणि शेजारी दारात आला पाहिजे. तिन्ही जमले तरच घंटा बसली असे समजावे.